टेली लेन्सवर इन्फिनिटीचा फोकस: रिंग टोकापर्यंत फिरवू नका

टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने काढलेला पहिला चंद्र बहुतेकांचा अंधुक येतो. ऑटोफोकस बंद केलेला असतो, चंद्र लांब आहे म्हणून फोकसची रिंग ∞ च्या, म्हणजे इन्फिनिटीच्या (अतिदूरच्या), बाजूला पार टोकाला नेलेली असते, ट्रायपॉडही भक्कम असतो. तरी फोटो मोठा करून पाहिला की विवरांच्या जागी नुसते पुसट डाग. अशा वेळी लेन्सला दोष दिला जातो, पण लेन्स ठीक असते. आजच्या जवळजवळ सगळ्या ऑटोफोकस टेली लेन्समध्ये रिंगचं टोक आणि इन्फिनिटी ही दोन वेगळी ठिकाणं असतात. टोक इन्फिनिटीच्याही पलीकडे असतं. तिथे नेलेली लेन्स कुठल्याच अंतरावरच्या वस्तूवर फोकस झालेली नसते, चंद्रावर नाही आणि ताऱ्यांवरही नाही.

टोक पलीकडे का ठेवतात?

जुन्या मॅन्युअल ५० मिमी लेन्सची रिंग जिथे अडायची तिथेच इन्फिनिटी बसवलेली असायची. टेलीत तसं करणं धोक्याचं, कारण तापमान. अ‍ॅल्युमिनियमची ३०० मिमी लांबीची नळी २० अंशांनी तापली की सुमारे ०.१४ मिमी लांबते. काचेचा अपवर्तनांकही (ती प्रकाश किती वळवते तो आकडा) तापमानाबरोबर बदलतो, आणि मोठ्या टेलीत वापरलं जाणारं फ्लोराइट हे स्फटिक या बाबतीत साध्या काचेपेक्षा जास्त हळवं असतं. कॅननने १९६९ साली ३०० मिमी एफ/५.६ लेन्समध्ये फ्लोराइट आणलं. निकॉनने मात्र आपल्या कॅमेरा लेन्समध्ये ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेवर भर दिला आणि फ्लोराइट बऱ्याच उशिरा, २०१३ च्या ८०० मिमी एफ/५.६ मध्ये, घेतलं. मोठ्या टेली लेन्सचा पांढरा रंगही उन्हात नळी कमी तापावी म्हणूनच आहे.

आता समजा टोक बरोबर इन्फिनिटीवर बसवलं आणि हवामान बदललं, तर लेन्स इन्फिनिटीपर्यंत पोचणारच नाही. त्यावर उपाय करता येत नाही. टोक थोडं पलीकडे असलं तर रिंग जराशी मागे घेतली की काम भागतं. म्हणून कारखान्यातच ही मोकळी जागा सोडतात.

दुसरं कारण मोटरचं. कॉन्ट्रास्टवर (उजेड-अंधाराच्या फरकावर) चालणाऱ्या ऑटोफोकसला फोकसचा कळस गाठला की नाही हे तो ओलांडल्याशिवाय समजत नाही. ओलांडायला पुढे जागा हवी.

कॅननच्या ज्या लेन्सवर अंतराची पट्टी आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच लेन्सवर ∞ शेजारी आडवी झालेली ‘एल’ सारखी खूण दिसते. नेहमीच्या तापमानाला त्या खुणेची उभी रेघ निर्देशकासमोर आली की इन्फिनिटी, आणि पुढची आडवी रेघ म्हणजे तापमानासाठी सोडलेला पट्टा. ही खूण सुरुवात करायला चांगली, पण नेमका फोकस खुणेवर विसंबून करू नये. कॅनन स्वतःच्या माहितीपुस्तिकेतही व्ह्यूफाइंडरमधून किंवा मोठी केलेली प्रतिमा पाहूनच फोकस करायला सांगतं.

किती लांब म्हणजे इन्फिनिटी?

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. फोकस इन्फिनिटीवर असताना प्रतिमा जिथे पडते, तिथून जवळच्या वस्तूची प्रतिमा किती मागे सरकते याचा हिशेब सोपा आहे: फोकल लांबीचा (लेन्सवरच्या ४०० मिमी वगैरे आकड्याचा) वर्ग भागिले वस्तूचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. ४०० मिमी लेन्सला १०० मीटरवरच्या पक्ष्यासाठी ही सरक १.६ मिमी येते, १ किमीवरच्या झाडासाठी ०.१६ मिमी, ५ किमीवरच्या टेकडीसाठी ०.०३२ मिमी. ५० मिमी लेन्सला मात्र १०० मीटरवरही फक्त ०.०२५ मिमी.

आता सेन्सर किती सरक खपवून घेतो ते पाहा. अ‍ॅपर्चरचा (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) आकडा, म्हणजे एफ/५.६ मधला ५.६, गुणिले खपणारा अंधुकपणा, असा तो हिशेब. जुन्या पुस्तकांत अंधुकपणाची मर्यादा ०.०३ मिमी धरतात, ती छोट्या प्रिंटसाठी ठीक आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा असतो आणि आपण फोटो १०० टक्के मोठा करून बघतो, तेव्हा तीच मर्यादा धरावी. एफ/५.६ ला ५.६ × ०.००६, म्हणजे दोन्ही बाजूंना ०.०३४ मिमी. वरचे आकडे याच्याशी ताडून पाहा. ४०० मिमी लेन्स १ किमीवर फोकस करून चंद्र काढला, तर प्रत्येक बिंदू सुमारे पाच पिक्सेल पसरतो. ५ किमीवर फोकस केला तर एका पिक्सेलच्या आतबाहेर राहतो.

म्हणजे ४०० मिमी एफ/५.६ साठी इन्फिनिटी सुमारे पावणेपाच किलोमीटरपासून सुरू होते. २०० मिमी एफ/२.८ ला सुमारे २.४ किमी, ६०० मिमी एफ/६.३ ला साडेनऊ किमी. ३०० मिमी एफ/५.६ च्या झूमला फुल फ्रेमवर २.७ किमी पुरतात, पण २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर पिक्सेल लहान असल्याने ४ किमी लागतात. ५० मिमी एफ/५.६ ला तेवढ्याच काटेकोरपणे ७५ मीटर बास होतात. लेन्स आतल्या आत फोकस करणारी असेल तर तिच्यातला गट प्रत्यक्षात किती सरकतो हे वेगळं असेल, सेन्सरपाशी हिशेब तोच.

त्यावरून तीन गोष्टी निघतात. “लांबच्या दिव्यावर फोकस करा आणि मग ताऱ्यांकडे वळवा” हा सल्ला वाइड लेन्सचा आहे. २ किमीवरच्या मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर फोकस केलेली ६०० मिमी लेन्स ताऱ्यांसाठी ०.१८ मिमीने चुकलेली असते, म्हणजे खपणाऱ्या मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. सिंहगडावरून राजगड हवाई अंतराने साधारण १५ किमीवर आहे, तो ४०० मिमीला खरोखर इन्फिनिटी. पायथ्याचं गाव नाही. आणि भिगवणला नावेतून ८० मीटरवरचे रोहित पक्षी टिपताना इन्फिनिटीचा विचारच सोडून द्यावा. तिथे ४०० मिमीला सरक २ मिमी आहे, ऑटोफोकस चालूच ठेवा.

दिवसा फोकस कसा पक्का करावा

ट्रायपॉडवर लेन्स तिच्याभोवतीच्या कॉलरने बसवा, हादरे सावरणारा स्टॅबिलायझर बंद करा. काही नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखून स्वतःच तो शांत ठेवतात, पण मोठी केलेली प्रतिमा हळूहळू तरंगताना दिसली तर बंदच करावा. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसचा पट्टा मर्यादित करणारं बटण) असेल तर लांबच्या पट्ट्यावर टाका. निकॉनच्या २००-५०० वर तो ६ मीटर ते ∞ असा आहे, सोनीच्या २००-६०० वर १० मीटर ते ∞. त्यामुळे फोकस चुकला तरी मोटर पार जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येत नाही आणि वेळ वाचतो.

झूम असेल तर आधी हवी ती फोकल लांबी ठरवा आणि मगच फोकस करा. आजच्या बहुतेक झूम लेन्समध्ये फोकल लांबी बदलली की फोकसही थोडा हलतो. २०० ला फोकस करून ६०० ला नेणं ही सवय जुन्या व्हिडिओ लेन्सची, इथे चालत नाही. लेन्स वर आभाळाकडे धरली की वजनाने झूमची नळी आपोआप घसरते, त्यासाठीचं लॉक लावा किंवा चिकटपट्टी मारा.

आता अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून एकच फोकस पॉइंट निवडा आणि कडा ठळक असलेल्या गोष्टीवर ठेवा: आभाळासमोरची डोंगराची कड, विजेचा मनोरा, किल्ल्याचा बुरूज. धुरकट हवेतल्या निळसर उतारावर ऑटोफोकस भरकटतो, कारण तिथे त्याला धरायला काही नसतं. फोकस लागला की लेन्सचं बटण एम वर करा, नाहीतर शटर अर्धं दाबताच मोटर पुन्हा धावेल. ज्यांनी ऑटोफोकस मागच्या बटणावर नेलेला आहे त्यांना ही कटकट नाही.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरची चालू प्रतिमा) दहापट मोठा करा आणि रिंग अगदी बारीक हलवून पाहा: थोडी पलीकडे, प्रतिमा बिघडेपर्यंत, मग परत अलीकडे, पुन्हा बिघडेपर्यंत, मग मधे. शेवटचा वळसा दर वेळी एकाच दिशेने घ्या. जुन्या यांत्रिक रिंगमध्ये आट्यांना किंचित ढिलाई असते आणि दिशा बदलली की रिंग फिरते पण काच हलत नाही. फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडांवर कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत रेषांवर टेलीत भरवसा ठेवू नका. बऱ्याच बॉडींत त्या स्क्रीनसाठी लहान केलेल्या प्रतिमेवरून काढलेल्या असतात, त्यामुळे फोकस पाच पिक्सेल चुकला तरी त्या झगझगीत दिसतात.

रिंग कुठल्या बाजूला फिरवायची कळत नसेल तर कडांचा रंग पाहा. बहुतेक लेन्समध्ये फोकसच्या पातळीमागच्या गोष्टींना हिरवट आणि पुढच्या गोष्टींना जांभळट कड येते. लांबच्या मनोऱ्याला हिरवट कड असेल तर फोकस अलीकडे राहिला आहे, रिंग ∞ कडे न्या. जांभळट असेल तर पलीकडे गेला आहे. चांगल्या फ्लोराइट लेन्समध्ये हा रंग इतका कमी असतो की ही युक्ती तिथे फारशी उपयोगी नाही. स्वस्त ७०-३०० वर मात्र फार कामाची.

फोकस झाल्यावर अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंत बंद केलं तर थोडी जास्त मोकळीक मिळते. एफ/११ च्या पुढे विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ होऊ लागतं.

चंद्र आणि तारे

चंद्रावर ऑटोफोकस चांगला लागतो, फक्त जागा नीट निवडायची. पौर्णिमेला चंद्राची कड, इतर दिवशी प्रकाश आणि अंधार यांच्यामधली सीमारेषा. मधोमध पॉइंट ठेवला तर तिथे कॉन्ट्रास्ट कमी असतो. लाइव्ह व्ह्यूत चंद्र पांढरी थाळी दिसत असेल तर आधी एक्स्पोजर उतरवा. आयएसओ २००, एफ/८, १/२५० सेकंद यापासून सुरू करा. अर्ध्या चंद्राला यापेक्षा दोन-तीन स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट उजेड) जास्त लागतात. विवरं दिसू लागली की हाताने फोकस पक्का करा.

ताऱ्यांवर बहुतेक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस निकामी ठरतो. लेन्स एम वर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ३२०० किंवा ६४००, आणि एखादा ठळक तारा घ्या: हिवाळ्यात व्याध किंवा ब्रह्महृदय, उन्हाळ्यात स्वाती, पावसाळा सरता सरता अभिजित. तारा क्षितिजाजवळचा नको, तिथली हवा त्याला नाचवते. तो मध्यभागी आणा, दहापट मोठा करा, आणि ठिपका लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवा. ठळक ताऱ्यावर नेमका क्षण कळला नाही तर शेजारचे मंद तारे पाहा. फोकस जुळत येतो तसे ते दिसू लागतात, सुटला की नाहीसे होतात. डोळ्याला ही खूण ठिपक्याच्या आकारापेक्षा लवकर कळते.

आणखी नेमकेपणा हवा असेल तर बाख्तिनोव मास्क वापरा. पावेल बाख्तिनोव या रशियन हौशी निरीक्षकाने शोधलेली ही तीन दिशांच्या फटींची चकती लेन्सच्या तोंडावर लावली की ताऱ्याला तीन किरण फुटतात. मधला किरण इतर दोघांच्या बरोबर मधोमध आला की फोकस लागला. मास्क लेन्सच्या पुढच्या काचेएवढा हवा. ४०० मिमी एफ/५.६ ला पुढची उघडी जागा ७१ मिमी व्यासाची असते, त्यामुळे ७७ मिमी फिल्टरच्या मापाचा चालतो. थ्रीडी प्रिंटरवर सहज बनतो. फोटो काढण्याआधी काढून ठेवायला विसरू नका.

फोकस लागल्यावर यांत्रिक रिंग असेल तर तिच्यावर कागदी चिकटपट्टी मारा. मिररलेसच्या बऱ्याच लेन्समध्ये रिंगचा काचेशी थेट संबंध नसतो, ती फक्त मोटरला इशारा देते. अशा लेन्सवर चिकटपट्टीचा उपयोग अर्धाच: काही बॉडी बंद केल्या किंवा झोपी गेल्या की फोकसची जागा विसरतात. मेनूत जागा लक्षात ठेवण्याची सोय असेल तर चालू करा, नाहीतर बॅटरी बदलली की पुन्हा तपासा.

रात्रीचं तापमान उतरत असतं हेही लक्षात ठेवावं. वांगणीला संध्याकाळी सातला लावलेला फोकस डिसेंबरच्या रात्री अकराला तसाच असेलच असं नाही. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने तपासा, नंतर तासाने. लेन्स गाडीच्या एसीतून किंवा उन्हात तापलेल्या बॅगेतून काढली असेल तर अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवूनच सुरुवात करा. कोकणात गारठलेली लेन्स एकदम दमट हवेत काढली तर पुढच्या काचेवर दव धरतं. तो अंधुकपणा फोकसचा समजून रिंग फिरवत बसणारेही पुष्कळ.

तरीही फोटो मऊ येत असेल तर

फोकस न हलवता एकापाठोपाठ दहा फोटो काढा. शार्पपणा दर फोटोत वेगळा असेल आणि कडा वाकड्यातिकड्या दिसत असतील तर दोष हवेचा. मे महिन्यात ताडोबात सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरून जाणाऱ्या हवेतून दोनशे मीटरवरचंही नीट येत नाही. महागडी लेन्स इथे काहीच करू शकत नाही. जवळ जा किंवा पहाटे या. सगळे फोटो एकाच दिशेला फराटल्यासारखे असतील तर हादरा आहे: दोन सेकंदांचा टायमर लावा, शटरचा वेग वाढवा. सगळे सारखेच मऊ असतील तर फोकस, नाहीतर फिल्टर.

पुढे लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढून एकदा जरूर पाहा. काच पूर्ण सपाट असेल तर इन्फिनिटीवरून येणाऱ्या समांतर किरणांवर तिचा परिणाम होत नाही. पण ९५ मिमीची काच तेवढी सपाट घासणं खर्चिक असतं, आणि जरा वाकलेली काच म्हणजे लेन्सपुढे अजून एक कमजोर लेन्स. मोठ्या टेलीमध्ये मागच्या बाजूला सरकवून बसवायचा छोटा फिल्टर असतो, त्याची गोष्ट उलटी. तो लेन्सच्या रचनेचाच भाग आहे. २ मिमी जाडीची काच काढली की प्रतिमा सुमारे ०.६७ मिमी सरकते, म्हणून तिथे साधी पारदर्शक काच तरी नेहमी हवीच.

टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीमध्ये बसणारा, फोकल लांबी वाढवणारा जोड) इन्फिनिटी घालवत नाही, पण चूक फुगवतो. दुप्पट कन्व्हर्टरने ०.१ मिमीची चूक ०.४ होते आणि खपणारी मर्यादा मात्र दुप्पटच वाढते. कन्व्हर्टर लावल्यावर फोकस नव्याने पक्का करा. डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती, म्हणजे मायक्रो-अ‍ॅडजस्टमेंटही कन्व्हर्टरसह वेगळी करावी लागते, आणि ती करताना चाचणी २० मीटरवरच्या कागदाऐवजी खऱ्या लांबच्या वस्तूवर करा. जवळ आणि लांब यांची दुरुस्ती एकच निघेल असं नाही. सिग्माच्या यूएसबी डॉकमध्ये (लेन्स संगणकाला जोडणाऱ्या साधनात) म्हणूनच झूमला चार फोकल लांबी आणि चार अंतरं अशी सोळा ठिकाणी दुरुस्ती करता येते, त्यांतलं एक अंतर इन्फिनिटीचं.

जवळच्या फोटोसाठी लावतात ती एक्स्टेन्शन ट्यूब चुकून लेन्समागे राहिली तर इन्फिनिटी विसरा. १२ मिमीच्या ट्यूबने ४०० मिमी लेन्स साधारण साडेतेरा मीटरच्या पुढे जात नाही. जुन्या लेन्सच्या अ‍ॅडॅप्टरची मात्र बॉडी कुठली ते पाहून परीक्षा करा. एम४२ (४२ मिमी आट्यांच्या) मापाची लेन्स, समजा रशियन ताईर-३ (३०० मिमी, एफ/४.५), सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर बसायला हवी. निकॉन एफ बॉडीची कडी सेन्सरपासून ४६.५ मिमीवर आहे. बिनकाचेच्या अ‍ॅडॅप्टरने ती निदान १ मिमी पुढे बसते, आणि रिंगला पलीकडे वाव नसेल तर ९० मीटरच्या पुढचं काही शार्प येत नाही. मिररलेसवर ही अडचण नाही, उलट स्वस्त अ‍ॅडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात. तेव्हा इन्फिनिटी खुणेच्या आधीच येते. टेलीत त्याने फार बिघडत नाही, कारण ०.१ मिमीची जाडी ४०० मिमीला जेमतेम १.६ किमीएवढा फरक पाडते आणि २४ मिमी वाइडला तोच फरक पावणेसहा मीटरचा.

किनारपट्टीवर, मुंबई-कोकण-गोव्यात, जुनी लेन्स बुरशी काढायला उघडली जाते आणि परत आल्यावर इन्फिनिटी गेलेली असते, हे नेहमीचं आहे. फोकसच्या नळीला अनेक आट्यांची सुरुवात असते. जोडताना चुकीच्या सुरुवातीतून आटे चढवले की रिंग गुळगुळीत फिरते, जवळचं शार्प येतं, फक्त लांबचं कधीच येत नाही. म्हणून लेन्स ताब्यात घेताना काउंटरवरच्या भिंतीकडे रोखून पाहू नका. बाहेर या, दिसेल ती सगळ्यात लांबची इमारत किंवा डोंगर धरा, दहापट मोठं करा, आणि रिंग टोकाला नेल्यावर प्रतिमा शार्प होऊन थोडी बिघडते का ते बघा. बिघडत असेल तर ठीक. टोकाला पोचूनही शार्प होतच नसेल तर पैसे देण्याआधी लेन्स परत टेबलावर ठेवा.